सोमवारी लागणारा दिवा

माझ्या स्कूटरचा इंजिनाचा पिवळा दिवा सोमवारी लागायचा आणि बुधवारपर्यंत आपोआप विझायचा. त्याचा वार ठरलेला आहे हे माझ्या लक्षात यायलाच दोन महिने गेले, आणि लक्षात आल्यावर कुणाला सांगायची लाज वाटली. गाडी वार बघून बिघडते असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

एका गॅरेजात दाखवून झालं होतं. त्यांनी स्कॅनर लावला, तापमानाच्या सेन्सरचा कोड निघाला, सेन्सर बदलला, बिल झालं. पुढच्या सोमवारी आसऱ्याच्या पुलावर चढताना दिवा पुन्हा हजर. परत गेलो तर म्हणाले, आता लागलेला नाही ना? मग लागला की आणा.

या दिव्यावर इंजिनाची आकृती असते. आमच्या शेजारच्या आजींना ती नळाच्या तोटीसारखी दिसते. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात नळ दिसला तर आनंदच व्हायला हवा, पण हा नळ दिसला की खिशात हात जातो. खरं तर दिवा पिवळा असतो, तो उगीच नाही. लाल दिवा म्हणजे थांब. पिवळा म्हणजे चालव, पण लवकर दाखवून घे. चावी फिरवली की तो एकदा लागतो, सीटखालून पेट्रोल पंपाचा बारीक घुर्र आवाज येतो, आणि इंजिन सुरू झालं की दिवा जातो. चावी फिरवूनही जो लागतच नाही त्याच्याबद्दल जास्त शंका घ्यावी. जुनी गाडी विकताना त्यावर काळी टेप लावणारे महाभाग आहेत.

स्कूटरवर हा दिवा आला तो धुरापायी. १ एप्रिल २०२० पासून देशात धुराचे बीएस-सिक्स नियम लागू झाले. त्याआधी २०१७ च्या मार्चअखेरीस सर्वोच्च न्यायालयानं बीएस-थ्री गाड्यांची विक्री बंद केली, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत शोरूमपुढं उडालेली झुंबड अनेकांना आठवत असेल. बीएस-सिक्समध्ये स्कूटरचा कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. जेट साफ करून, स्क्रू अर्धा फेरा फिरवून गाडी ‘लाइनवर’ आणण्याची विद्या एका रात्रीत जुनी झाली. आता किती पेट्रोल सोडायचं हे ईसीयू नावाची डबी ठरवते. हवेचा दाब, थ्रॉटल किती उघडलंय, इंजिन किती तापलंय, सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरलाय, हे सगळं तिला व्होल्टमध्ये कळतं. त्यावर नजर ठेवणारी व्यवस्था म्हणजे ओबीडी. तिचा उगम लॉस एंजेलिसच्या धुरक्याशी झगडणाऱ्या कॅलिफोर्नियात. तिथं १९८८ पासून मोटारींवर ती आली, आपल्या दुचाकींवर २०२० मध्ये. २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या एप्रिलमध्ये तिचे नियम आणखी कडक झाले.

ईसीयूला सेन्सर दिसत नाही, फक्त वायरीतून येणारा व्होल्ट दिसतो. थ्रॉटलच्या सेन्सरला ती ५ व्होल्ट पुरवते आणि परत येणारा आकडा साधारण अर्ध्यापासून साडेचार व्होल्टच्या आसपास असावा अशी तिची अपेक्षा असते. एकदम शून्य आला किंवा पूर्ण ५ आला, तर काहीतरी तुटलंय एवढंच ती समजते. म्हणून कोड सांगतो तो मोहल्ला. घर नंबर सांगत नाही. त्या मोहल्ल्यात सेन्सर राहतो, वायरी राहतात, त्या जोडणारा कपलर राहतो, कपलरमधल्या पिना राहतात. माझ्या मते या धंद्यातला निम्मा खर्च मोहल्ला कळताच पहिल्या घराचं दार फोडण्यात जातो, आणि पहिलं घर नेहमी सेन्सरचं असतं, कारण तो खोक्यात मिळतो.

येत-जात राहणाऱ्या बिघाडाची आणखी एक गंमत आहे. बिघाड दिसेनासा झाला की दिवा लगेच विझत नाही. ओबीडीच्या रूढ नियमात सलग ३ निर्दोष फेऱ्या झाल्या की तो जातो. फेरी म्हणजे गाडी सुरू केली, चालवली, बंद केली. कोड मात्र पोटात राहतो, इंजिन ४० वेळा तापून निवेपर्यंत. माझा बुधवार त्यातूनच आला होता.

शेवटी मी अशोक चौकाच्या अलीकडच्या एका छोट्या गॅरेजात गेलो. मिस्त्री पन्नाशीचे, वडील यंत्रमागावर होते. बजाज चेतकपासून हात चालतोय. चेतक पेट्रोल-ऑइलवर चालायची, प्लग काळा झाला की कळायचं. आता त्यांच्याकडं स्कॅनर आहे, पण तो कपाटात. होंडाच्या काही गाड्यांना तोही लागत नाही म्हणाले: कपलरच्या दोन पिना तारेनं जोडायच्या, चावी फिरवायची आणि दिव्याची उघडझाप मोजायची. लांब लागला तर दहा, पट्कन लागला तर एक. दोन लांब, एक लहान म्हणजे एकवीस, ऑक्सिजन सेन्सर.

मला त्यांनी कोड विचारलाच नाही.

“कधी लागतो ते सांगा की मालक. लागतो एवढं सगळेच सांगत्यात.”

मी सोमवारचं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. “सोमवारी काय येगळं करता?”

सोमवारी आई मागं बसते. सिद्धेश्वराच्या दर्शनाला. बाकीचे दिवस मी एकटा. मला तिचा आणि दिव्याचा संबंध जोडावासा वाटला नव्हता, आणि मिस्त्रींना मात्र तेवढ्यावरच पुढची दिशा मिळाली.

स्कूटरचं इंजिन मोटरसायकलसारखं सांगाड्याला घट्ट आवळलेलं नसतं. इंजिन, बेल्टची पेटी आणि मागचं चाक हा एकच तुकडा असतो आणि तो पुढच्या बाजूला एका खुंटीवर झुलतो. मागं माणूस बसला, खड्डा आला, की अख्खं इंजिन वर जातं. त्याच्या अंगावरची वायर मात्र सांगाड्यातून आलेली. त्या दोघांच्या मध्ये वायरीला झोल ठेवावा लागतो. मेन स्टँडवर गाडी चढवली की मागचं चाक लोंबतं, इंजिन खाली येतं, वायर सैल. सर्व्हिसिंग नेहमी मेन स्टँडवर. म्हणजे बिघाड गॅरेजच्या दारात गाडी येईपर्यंत असायचा आणि स्टँडवर चढताच जायचा.

मिस्त्रींनी गाडी स्टँडवरून उतरवली, साइडचं पॅनल काढलं, इंजिन चालू ठेवलं आणि आता मात्र स्कॅनर जोडला. पडद्यावर तापमान ८०च्या वर. मला सीटवर बसवलं, त्यांच्या हाताखालच्या पोराला मागं. काही नाही. “जरा दणकून बस रे.” पोरानं दणका दिला आणि पडद्यावरचा आकडा ८४ वरून थेट उणे ४० वर गेला, पुन्हा ८४. मे महिना, दुपार, बाहेर ४३-४४चा पारा, आणि माझी स्कूटर हिमालयात. तापमानाचा हा सेन्सर तापला की त्याचा रोध उतरतो, गार झाला की चढतो. वायर सुटली म्हणजे रोध अमर्याद, म्हणजे ईसीयूच्या लेखी कडाक्याची थंडी. थंडीत पेट्रोल जास्त लागतं, म्हणून ती तसं सोडू बघते. सोमवारी पेट्रोलचा वास का यायचा तेही कळलं. मी तो पेट्रोलमधल्या इथेनॉलवर ढकलत होतो. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात हल्ली सगळंच इथेनॉलवर ढकलतात.

मग मिस्त्रींनी बॅटरीचा टॉर्च तोंडात धरला आणि बोटांनी वायर पुढून मागं चाचपत नेली. मध्येच थांबले. कुणीतरी कधीतरी काम झाल्यावर प्लॅस्टिकचा टाय आवळून वायर सांगाड्याला बांधून टाकली होती, नीटनेटकी दिसावी म्हणून. झोल संपला होता. मागं ओझं आलं की वायर ताणायची, कपलरमधली एक पिन जागेवरून सूतभर मागं सरकायची, ओझं उतरलं की परत टेकायची. पिनेच्या टोकावर हिरवट थर धरला होता. टाय कापला, पिन बाहेर काढून घासली, तिचा कान सुईनं वर उचलला म्हणजे ती परत घरात अडकेल. कट्ट आवाज आला. वायरीला बोटभर झोल दिला. पोराला पाच वेळा दणकवलं. ८४, ८५, ८५.

“मागाचं असंच की,” मिस्त्री हात पुसत म्हणाले. “बाण्याचा धागा तुटला की माग आपसूक थांबतो. का तुटला ते मागाला काय ठाऊक.”

मी डिक्कीतून जुना, काढलेला सेन्सर काढून दाखवला. त्यांनी समोरच्या टपरीवरून ग्लासभर उकळतं पाणी मागवलं, मल्टिमीटरच्या दोन पिना सेन्सरला लावल्या आणि तो पाण्यात बुडवला. आकडा भराभर खाली उतरत गेला, आणि पाणी निवू लागलं तसा सावकाश वर चढला. चहावाला आपलं गिऱ्हाईक सोडून बघत उभा होता.

“चांगलाय,” मिस्त्री म्हणाले. पाणी झटकून त्यांनी सेन्सर माझ्या हातात दिला. तो अजून कोमट होता.