फुटबॉलचा नाद आणि रात्रीची गोळी

माझ्याकडे एक गृहस्थ दर महिन्याला रक्तदाब तपासायला येतात. मूळचे कोल्हापूरचे, नोकरीनिमित्त बुलढाण्यात आले आणि इथेच राहिले. मधुमेह आहे, रक्तदाब आहे आणि तिसरा विकार फुटबॉलचा. आपल्याकडे गप्पा चालतात त्या पावसाच्या, सोयाबीनच्या भावाच्या, फार तर क्रिकेटच्या. फुटबॉलवर बोलायला त्यांना माझ्याखेरीज कोणी मिळत नाही. दंडाला पट्टा बांधल्यावरही ते बोलतच असतात. बोलताना रक्तदाब जास्त दिसतो, म्हणून मला तो पुन्हा मोजावा लागतो.

त्यांची मते ठाम आहेत. फुटबॉल टीव्हीवर पाहायचा खेळच नव्हे, तो शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेतल्या माणसांत बसून पाहावा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तिथल्या तालमींची नावे आणि तीच संघांचीही. "डॉक्टरसाहेब, आमच्याकडं संघ निवडायचा नसतो. पेठेत जन्मला की मिळतो!" कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हे ते दर दोन भेटींआड सांगतात. पेनल्टीवर निकाल लावणे त्यांना साफ नामंजूर आहे. यात मी त्यांच्याच बाजूचा, पण माझी कारणे वेगळी आहेत.

२००६ साली विश्वचषक जर्मनीत झाला. त्या काळात म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे रुग्ण एरवीच्या सुमारे अडीच पटीहून अधिक आढळले, पुरुषांत तर तिपटीहून जास्त. सर्वाधिक त्रास सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांत झाला, आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका अधिक होता. अर्जेंटिनाविरुद्धचा सामना पेनल्टीपर्यंत ताणला गेला, त्या दिवशी तर रुग्णांची रीघ लागली. उत्तेजनाने नाडी आणि रक्तदाब वाढतो. निरोगी माणसाला ते सोसते, आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीला सोसेलच असे नाही.

आपल्याकडे यात जागरणाची भर पडते. युरोपातले मोठे सामने आपल्या घड्याळात रात्री साडेबारा-दीडला सुरू होतात. आमच्या या गृहस्थांचे त्या दिवशीचे वेळापत्रक मी विचारून घेतले. जेवण अकराला, मध्यंतरात फरसाण, तीन वेळा चहा, रात्रीची गोळी राहून गेलेली आणि दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत झोप. मग साखर वाढली की दोष गोळीला!

सामना पाहू नका, असे मी त्यांना सांगितले नाही, ऐकलेही नसते. जेवण आणि गोळी मात्र रोजच्याच वेळी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबवले, तर साखर एकदम उतरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात. मध्येच भूक लागली तर भाजलेले फुटाणे पुरेत. रात्रीचा चहा एकच, तंबाखू-सिगारेट अजिबात नाही. पेनल्टी सुरू झाल्या की ते आता अंगणात येरझाऱ्या घालतात आणि निकाल वहिनी सांगतात.

एक गोष्ट मात्र सर्वच वाचकांनी ध्यानात ठेवावी. छातीत दाबल्यासारखे होणे, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम सुटणे याला 'गॅस' समजून सोडा पिऊ नये. मधुमेही माणसाला छातीत न दुखताही झटका येतो. नुसता घाम आणि धाप एवढेच दिसते. सामना संपेपर्यंत थांबू नये. स्वतः मोटारसायकल चालवत निघू नये. १०८ ला फोन करावा. अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठण्यात वेळ जातो, म्हणून आधी जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरे उपयोगी पडते. निघताना चालू औषधांची चिठ्ठी आणि जुने ईसीजी बरोबर घ्यावेत.