जपानमधील परिषद आणि संध्याकाळची पंगत

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातील एखादा अभियंता जपानमधील परिषदेस निघतो, तेव्हा निबंधाची तयारी महिनाभर चालते. जेवणाचा विचार मात्र तेथे पोहोचल्यावर सुरू होतो. वास्तविक ओळखी जुळतात त्या सभागृहाबाहेर, ‘कोन्शिनकाई’ या सायंकाळच्या स्नेहभोजनात. शाकाहारी मंडळी बहुधा त्याला दांडी मारून खोलीत दशम्या सोडतात. हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे.

खरी अडचण मांसाची नसून ‘दाशी’ची आहे. वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढलेला हा अर्क मिसो सूपमध्ये, सोबाच्या रश्श्यात, इतकेच काय, भाज्यांच्या तेम्पुरासोबतच्या पातळ चटणीतही असतो. म्हणून नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. ‘साकाना नो दाशी मो दामे देसु’, म्हणजे माशाचा अर्कही चालत नाही, असे सांगावे. आयोजकांना तर आठवडाभर आधीच कळवावे. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्योरी’ हे जेवण शाकाहारीच असते. परंपरेने त्यात लसूणही वर्ज्य. शेवभाजीवर पोसलेल्या खानदेशी जिभेने तेवढे सोसावे.

पुढे कोणी ‘इझाकाया’त नेले, तर न मागता एक लहानशी बशी समोर येते. ती ‘ओतोशी’, तिचे पैसे बिलात लागतात. बक्षिसी मात्र द्यायची नसते. आपला पेला आपण भरू नये, शेजाऱ्याचा भरावा. आपला तो भरतो. मद्य नको असल्यास ऊलाँग चहाचा पेला उंचावून ‘कान्पाई’ म्हटलेले चालते, पण त्याआधी घोट घेऊ नये. आणि भातात काड्या उभ्या खोचू नयेत. तसा भात मृतासमोर ठेवतात.