कापडाला भोक पाडण्याआधी

लोखंडी शेगडी काय, कुणीही करून देतो. बेगडेवाडी स्टेशनवरून देहूरोडकडे वळा नाहीतर तळेगावकडे, वेल्डिंगवाला सापडतोच. जाड पत्र्याची पेटी, चार पाय, पुढे दार, दाराला हवेची झडप आणि वर 4 इंची तोंड. घोडं अडतं ते पुढे. त्या तोंडावर चढवलेला पाइप कापडी छपरातून बाहेर न्यायचा, आणि कापड पेटता कामा नये, गळता कामा नये, धूरही आत फिरता कामा नये.

लडाख-सियाचिनमध्ये नोकरी करून आलेल्या जवानांना ‘बुखारी’, म्हणजे धुराड्याची शेगडी, सांगावी लागत नाही. अमेरिकी लष्करातल्या हेन्री सिब्ली यांनी 1856 मध्ये शंकूच्या आकाराच्या तंबूचं पेटंट घेतलं. त्याची शेगडीही शंकूचीच आणि धुराडं माथ्यातून बाहेर. मावळात इतकी थंडी कुठली? पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि प्लॉटवर कॅनव्हासचा तंबू ठोकून हौसेने राहणाऱ्यांना शेगडी आतच हवी असते. पवनेच्या काठावरच्या घुमटाकार तंबूंत मात्र हा विचारही करू नये. ते पॉलिस्टर किंवा नायलॉनचे असतात आणि अडीचशे अंशांच्या आसपास वितळतात. निळी ताडपत्री तर 130 अंशांतच लोळागोळा होते. सुती कॅनव्हास वितळत नाही, करपतो. पण एकदा करपू लागला की पेटायला वेळ लावत नाही, आणि भडकलेल्या शेगडीचा एकेरी पाइप दोन-तीनशे अंश सहज गाठतो.

म्हणून कात्रीआधी ओळंबा हातात येतो. शेगडी दारापासून आणि भिंतींपासून लांब ठेवायची, खाली पत्रा आणि विटा. छपराला आतून ओळंबा लावून दोरी सरळ पाइपाच्या तोंडात उतरते का, ते बघायचं. उतरली की वर खडूची खूण. इथेच नवखा कारागीर फसतो. पाइप गोल म्हणून तो गोल भोक आखतो. छप्पर तिरकं असतं. 45 अंशांच्या उतारातून 4 इंची पाइप उभा काढायचा तर भोक लंबगोल लागतं, 4 इंच रुंद आणि साडेपाच इंचांहून थोडं जास्त लांब.

हे माप झालं पाइपापुरतं. कापड त्याच्या जवळपासही येता कामा नये. एकेरी पाइप आणि पेटणारी वस्तू यांच्यात 18 इंच अंतर ठेवा, असं अमेरिकेतले अग्निसुरक्षेचे नियम सांगतात. तंबूत एवढी ऐसपैस जागा मिळत नाही. त्यावर दोन उपाय एकत्र करतात. छपरातून जाणाऱ्या तुकड्याला दुहेरी पाइप, मधे हवेची पोकळी. आणि कॅनव्हास चांगला ऐसपैस कापून त्या जागी काचतंतूच्या कापडाचं ठिगळ, मधोमध पत्र्याची चकती. ठिगळ शिवताना नायलॉनचा दोरा चालत नाही. कापड टिकेल आणि शिवण वितळेल, असला प्रकार होतो.

ठिगळाची वरची कड कॅनव्हासच्या खाली सरकवायची, खालची कड कॅनव्हासवर घ्यायची. कौलं शाकारलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथे ही कड उलटी पडली तर पहिल्याच पावसात शेगडी विझते.

पाइपांचे सांधे हा वादाचा मुद्दा. बहुतेकांना वाटतं, वरच्या पाइपाने खालच्याला बाहेरून झाकावं, म्हणजे धूर गळणार नाही. खरी पद्धत उलटी आहे. चेपलेलं, निमुळतं टोक खाली, खालच्या पाइपाच्या आत. धूर वर ओढला जातो, तो सांध्यातून सहसा बाहेर येत नाही. पण ओलं लाकूड जाळलं की थंड पाइपात काळं, डांबरासारखं पाणी धरतं आणि ते खाली ओघळतं. सांधा उलटा असेल तर बाहेरून पाझरतं, कापडावर डाग पडतात आणि वास महिनाभर जात नाही. पाइप जस्ताचा मुलामा दिलेलाही नको. तापलेल्या जस्ताची वाफ घेतली की माणूस थंडीतापाने आडवा होतो. काळा पत्रा किंवा स्टील घ्यावं.

खरी खोच मात्र हालचालीत आहे. पाइप ताठ उभा असतो, कापड मात्र हलत राहतं. दवाने भिजलं की सुती कॅनव्हास आखडतो, दुपारी सैल पडतो, आणि घोरावडेश्वराच्या डोंगरावरून वारा सुटला की फडफडतो. दोन्ही घट्ट जखडले तर शिवण तरी उसवते, पाइप तरी निखळतो. म्हणून चकतीत पाइप थोडा ढिला ठेवतात, वरून पत्र्याची झालर घालतात आणि पाइपाला तीन तारांचे ताण देऊन त्यांच्या खुंट्या वेगळ्या ठोकतात. तंबूच्या दोरीला ताण बांधायची आळशी युक्ती पहिल्या वादळातच उघडी पडते. पाइपाचा शेंडा छपरातून किमान 3 फूट वर हवा आणि 10 फुटांच्या आतल्या कुठल्याही उंचवट्यापेक्षा 2 फूट उंच. नाहीतर वारा धूर आत ढकलतो. टोपीखाली ठिणग्या अडवणारी जाळी बसवतात. ती काजळीने बुजते, म्हणून अधूनमधून झाडायची.

ही झाडलोट लोक विसरतात. 1983 पासून सरकारी कार्यक्रमातून गावोगाव धुराड्याच्या सुधारित चुली बसल्या, पुण्याच्या ‘आरती’ संस्थेची ‘लक्ष्मी’ चूलही घरांत गेली. पण धुराडं बुजलं की चांगल्यातली चांगली चूलही घर धुराने भरून टाकते.

पहिला जाळ बाहेर, मोकळ्यावर करायचा. पत्र्याचं तेल आणि रंग तिथेच जळू द्यायचा. मग आत शेगडी लावून वाळलेल्या बाभळीचा दणकून जाळ करायचा आणि ठिगळाच्या कडेला हाताची मागची बाजू धरून बघायचं. हात टेकवून ठेवता येत नसेल तर कापड अजून मागे कापायचं.

उरतो तो न दिसणारा धोका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त चिकटतो. नेपाळमधल्या दामन इथे जानेवारी 2020 मध्ये केरळचे आठ पर्यटक बंद खोलीत गॅसहीटर लावून झोपले आणि दगावले. म्हणून पाइपातली झडप पूर्ण बंद होऊच नये, यासाठी तिला कोपऱ्यात कापून ठेवतात. आतल्या धोक्याची सूचना देणारा छोटा भोंगाही हजार-दोन हजारांत मिळतो. गिऱ्हाइकाचा प्रश्न मात्र ठरलेला असतो: रात्री गार वारा येतो, ती जाळीची खिडकी बंद नाही का करता येणार? मुरलेला कारागीर त्यावर वाद घालत बसत नाही. शिवतानाच तो त्या खिडकीला चेन लावत नाही.