काय छाटूं नये?

निबंधांतील फापटपसारा छाटा, असें विद्यार्थ्यांस आम्हीं जन्मभर सांगितलें. काय छाटूं नये, हें मात्र 'पोस्टग्रेस्क्यूएल' या माहितीचे संग्रह सांभाळणाऱ्या, सर्वांस खुल्या संगणकप्रणालीचीं आवृत्ति-निवेदनें वाचतांना उमगलें. वर्षभरांतील असंख्य फेरफार चाळून संपादक निवडक नोंदी ठेवतो व प्रत्येकीपुढें कर्त्याचें नांव देतो. २०१९ सालीं १२ व्या आवृत्तीनें 'रिकव्हरी.कॉन्फ' ही फाईल बाद केली. ती जागेवर राहिल्यास सर्व्हर सुरूच होत नाहीं. ही सूचना सविस्तर यादीपूर्वींच, स्थलांतराच्या प्रकरणांत दिलेली आहे. ती गाळली असती, तर कित्येकांचें काम ठप्प झालें असतें. लाघव हा गुण खरा. परंतु वाचकाचें अहित टाळणारें वाक्य, कितीही रुक्ष असलें तरी, राखलेंच पाहिजे.