‘गुरू’ : यशाच्या ताळेबंदाची दुसरी बाजू

परवाच्या रविवारी टी.व्ही.वर ‘गुरू’ हा हिंदी चित्रपट पुन्हा लागला होता. वस्तीतली चार-पाच मुले आमच्याकडे बघायला बसली होती. चित्रपट संपला तेव्हा बारावी कॉमर्सचा एक मुलगा म्हणाला, “काका, मोठं व्हायचं तर कायदा असा वाकवावाच लागतो ना?” त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. म्हणून हा लेखनप्रपंच.

२००७ साली आलेला हा चित्रपट मणिरत्नम यांचा. ‘रोजा’ (१९९२) आणि ‘बॉम्बे’ (१९९५) देणाऱ्या दिग्दर्शकाकडून अपेक्षा मोठी असते. गुजरातमधील इडर गावच्या मास्तरांचा मुलगा गुरूकांत देसाई तुर्कस्तानातील नोकरी सोडून परत येतो, मुंबईच्या कापडबाजारात शिरतो आणि पॉलिएस्टरच्या जोरावर बडा कारखानदार होतो. ही कथा धीरूभाई अंबानींच्या जीवनावर बेतलेली असल्याची चर्चा तेव्हा खूप झाली. अभिषेक बच्चनचे काम चांगले आहे, रहमानचे संगीतही गोड आहे. तरी चित्रपट निराश करतो.

पहिले कारण घरातले. धंद्याला भांडवल हवे म्हणून नायक हुंड्यावर डोळा ठेवून लग्न करतो. बायकोला हे कळते तेव्हा ती दुखावून माहेरी जाते. पण थोड्याच वेळात सारे गोड होते. ज्यांच्या घरात लेकी आहेत त्यांना हे गोड कसे वाटावे?

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. गैरव्यवहारांची चौकशी आयोगापुढे चालते. नायक तेथे घणाघाती भाषण करतो, गांधीजींचा दाखला देतो, थोडक्या दंडावर सुटतो आणि शेवटी भागधारकांच्या टाळ्या घेतो. मी हिशेबाच्या वह्या लिहिणारा माणूस आहे. जमा आणि नावे, दोन्ही बाजू मांडल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही. या चित्रपटाने फक्त जमेची बाजू मांडली.

परवाना-परमिटांच्या काळात आपल्याला दारे बंद होती, अशी नायकाची तक्रार आहे. पण मुंबईच्या कापडाचा इतिहास आपल्या लोकांना विचारा. गिरण्यांत अस्पृश्यांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. कारण काय, तर धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याचा विटाळ होई! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. पुढे १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि हजारो घरांच्या चुली विझल्या. कापडावर उभ्या राहिलेल्या या चित्रपटात कामगाराला स्वतःची कथाच नाही.

याचा अर्थ धंदा वाईट असा मुळीच नव्हे. तथागतांनी संपत्तीला पाप म्हटले नाही. जेतवन विहार देणारा अनाथपिंडिक व्यापारीच होता. दीघजाणूला गृहस्थाच्या सुखाचा मार्ग सांगताना बुद्धांनी चार गोष्टी सांगितल्या : उद्योगशीलता, मिळवलेल्याचे रक्षण, सज्जनांची संगत आणि मिळकतीच्या मानाने खर्च. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहेच. शस्त्र, माणसे, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार त्यांनी उपासकाला निषिद्ध सांगितला. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. पैशाचे भय आपल्याला का असावे?

चित्रपटवाल्यांना उद्योगाची कथा हवी असेल तर अकोला जिल्ह्यातील कल्पना सरोज यांच्याकडे पाहावे. बालविवाहाचे चटके सोसलेल्या या बाईंनी डबघाईला आलेली कमानी ट्यूब्ज सावरली. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, “बाळा, धंदा जरूर कर. पण वही अशी लिही की कोणीही तपासायला आला तरी भाषण करण्याची पाळी येऊ नये.”

पालकांनो, चित्रपट मुलांबरोबर अवश्य बघा. मात्र संपल्यावर लगेच उठू नका. दहा मिनिटे बसून बोला.

जय भीम!