नदीकाठची वाट, तांब्याचा पत्रा आणि आबालाल रहिमान

प्रस्तावना : पंचगंगेचा घाट, कोटितीर्थ आणि रंकाळा हे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांच्या निसर्गचित्रांचे आवडते विषय होत. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या या कलावंताने पाणी व काठ जलरंगांत रंगविले. त्याच एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील चित्रकार दोबिन्यी नदीकाठ अम्लरेखनात, म्हणजेच एचिंगमध्ये, चित्रित करीत होता. माध्यमाच्या निवडीचा चित्राच्या आयुष्याशी असलेला संबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अम्लरेखनाचे तंत्र : दोबिन्यीने १८५७ मध्ये एका नावेचीच चित्रशाळा केली. त्या नावेतील प्रवासावर आधारित त्याची अम्लरेखनांची मालिका १८६२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील एका लहानशा चित्रात एक मुलगा काठावरून दोरीने नाव ओढत आहे. अशा चित्रासाठी तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ इत्यादींचा आम्लरोधक थर देतात. चित्रकार सुईने त्यावर रेखाटन करतो, तेव्हा रेषेपुरते तांबे उघडे पडते. पत्रा आम्लात ठेवला की तेवढाच भाग कोरला जातो. दूरच्या झाडांच्या रेषा लवकर वार्निशने झाकून पत्रा पुन्हा आम्लात ठेवल्यास जवळच्या वाटेच्या रेषा अधिक खोल होतात. खोल रेषेत शाई जास्त मावते. म्हणून वाट गडद व झाडे फिकट उमटतात. शाई भरून पृष्ठभाग पुसल्यावर ओलसर कागदासह पत्रा दाबयंत्रातून काढतात. कागदावर दृश्याची डावी-उजवी बाजू पालटते. पत्रा झिजेपर्यंत असे अनेक ठसे घेता येतात.

जलरंगांची मर्यादा : पाण्यावरील प्रकाश व हवेतील ओलावा जलरंग सहज पकडतात, परंतु मूळ चित्र एकच राहते. आश्रयदाते राजर्षी शाहू महाराज यांच्या निधनानंतर (१९२२) शोकाकुल आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडविली, असे सांगितले जाते. अशा रीतीने गेलेल्या चित्राचा दुसरा ठसा कोठेही सापडणे शक्य नाही.

निष्कर्ष : अम्लरेखनात एक प्रत हरवली तरी दुसरी उरू शकते, जलरंगचित्राला ही सोय नाही. म्हणून उपलब्ध जलरंगचित्रांची मोजमापे, स्थिती व अचूक छायाचित्रे यांची नोंद ठेवणे अगत्याचे ठरते. हे काम कोल्हापूर परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व कला विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगे आहे.