धनुष्याची दोरी

बुलढाणा जिल्ह्यातील धाड या गावी वर्तुळाचा पाठ शिकवीत असता एका विद्यार्थ्याने मला विचारले, “गुरुजी, वर्तुळावरील दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाला ‘जीवा’ का म्हणतात?” मी बांबूची एक कामटी वाकवली व तिच्या दोन्ही टोकांना दोरी ताणून बांधली. “अरे, हे तर धनुष्य!” मुले उद्गारली.

मुलांनो, उत्तर त्यातच आहे. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणतात. वर्तुळाचा कंस म्हणजे वाकलेले धनुष्य आणि त्याची टोके जोडणारी रेषा म्हणजे दोरी. ग्रहताऱ्यांचे गणित करताना आपल्या ज्योतिर्विदांना अर्धी दोरी अधिक उपयोगी पडे. तिला ते ‘अर्धज्या’ म्हणत. इ. स. 499 मधील ‘आर्यभटीय’ या ग्रंथात आर्यभटाने तिची मापे दिली आहेत. पुढे ‘अर्ध’ गळाले व नुसते ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ उरले.

आठव्या शतकात हे गणित बगदादला पोहोचले. अरबी पंडितांनी ‘जीवा’चा उच्चार ‘जीबा’ असा केला. परंतु अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे ‘जीबा’ आणि ‘जैब’ ही अक्षरे सारखीच दिसतात. ‘जीबा’ला अरबीत काही अर्थ नव्हता, म्हणून पुढील वाचकांनी ते ‘जैब’ असे वाचले. ‘जैब’ म्हणजे अंगरख्याचा गळ्याजवळील पोकळ भाग. हिंदीतील ‘जेब’ हा शब्दही त्यावरूनच आला.

बाराव्या शतकात युरोपातील भाषांतरकारांनी या शब्दाचा लॅटिन भाषेत अर्थ दिला, ‘सायनस’, म्हणजे वळण, पोकळी. नाकाजवळील पोकळ्यांना डॉक्टर याच नावाने ओळखतात. त्याचेच इंग्रजी रूप ‘साइन’ झाले. त्रिकोणमिती शिकताना तुम्हांला हा शब्द भेटेल.

पाहा, दोरीचा अंगरखा झाला, अंगरख्याची पोकळी झाली. तरी गणित मात्र चुकले नाही! कारण प्रत्येक देशाच्या पंडितांनी ती कल्पना नीट समजून घेतली, जपली आणि वाढवली. म्हणून हा शब्द केवळ आमचा, असा पोकळ अभिमान बाळगू नये. आज गणिताच्या पुस्तकात ‘जीवा’ आणि ‘साइन’ ही दोन भावंडे शेजारी नांदतात. त्यांचे नाते आता तुम्हांला ठाऊक झाले आहे.